हवेतलं नाव

बोईसर-तारापूरकडची गंमत पाहा. एका बाजूला १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचे कारखाने. पालघरपासून तारापूरपर्यंत कितीतरी घरांत कुणी फिटर, कुणी इलेक्ट्रिशियन, तर कुणी इंजिनिअर. अशा घरातली मुलं बिघडलेला रेडिओ खोलून बसली तर नवल ते काय! (आईची बोलणी खावी लागतात, ते सोडा.) आज अशाच मुलांसाठी एका निराळ्या मंडळींची ओळख करून देतो. त्यांना म्हणतात ‘हॅम’, म्हणजे हौशी रेडिओचालक.

हॅम नुसता रेडिओ ऐकत नाही, तो बोलतोही. स्वतःचा सेट, स्वतःची अँटेना आणि पलीकडे कधी नाशिकचा, तर कधी जपानचा दोस्त. पण हा काही खेळ नव्हे, बरं का! परीक्षा द्यावी लागते आणि केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. पास झालात की मिळते ‘कॉल साइन’. आपल्याकडच्या कॉल साइनची सुरुवात ‘व्हीयू’ने होते. नवख्यांना व्हीयू३, वरच्या श्रेणीला व्हीयू२ आणि पुढे काही अक्षरं. जगात दुसऱ्या कुणाचीच कॉल साइन तशी नसते.

आता विचार करा. हवेत तुमचा चेहरा दिसत नाही, शाळेतले मार्क दिसत नाहीत, बाबांचा हुद्दाही नाही. दिसते, म्हणजे ऐकू येते, ती फक्त कॉल साइन आणि तुमची बोलण्याची रीत. ‘हा मुलगा मध्येच घुसतो’ असं एकदा झालं की ते बरेच दिवस पुसलं जात नाही. उलट ‘ही मुलगी नीट ऐकून घेते’ असं कळलं, की अनुभवी हॅम आपणहून हाक मारतात.

ही रीत फार जुनी आहे. १९२८ साली अमेरिकेतल्या पॉल सीगल यांनी हॅमसाठी आचारसंहिता लिहिली. इतरांच्या आनंदात विघ्न आणू नये, नवख्याशी सबुरीनं, सावकाश बोलावं, अशा गोष्टी तिच्यात आहेत. आणखी एक मला फार आवडते: हॅमच्या छंदापायी घर, नोकरी, शाळा यांची आबाळ होऊ देऊ नये. पालकांनी हे वाक्य जरूर दाखवावं!

हवेत बोलायच्या आधी काही वेळ नुसतं ऐकायचं. मग विचारायचं, ‘ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?’ कारण दुरून येणारा क्षीण आवाज तुम्हाला ऐकू येत नसेल, तरी तिथं कुणीतरी बोलत असेलच की! उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा विचारायचं आणि मगच बोलायचं.

गाठ पडली की दोघं एकमेकांना आवाजाचे गुण देतात. आवाज किती स्पष्ट, याला पाचपैकी आणि किती जोरदार, याला नऊपैकी. म्हणून उत्तम आवाजाला ‘५९’. इथं खरी कसोटी लागते. कुणी भिडेपोटी सगळ्यांनाच ५९ वाटत सुटतात. समोरच्याचा आवाज घोगरा, फाटका येत असेल आणि आपण ५९ म्हटलं, तर बिचारा आपला माइक कधी दुरुस्त करणार? ‘दादा, तुमचा आवाज तुटतोय, माइक जरा लांब धरा’ असं सांगणारा वयानं लहान असला तरी लक्षात राहतो. पण सांगण्यात टोमणा नको, बस्स.

या शिस्तीची खरी किंमत कळली २००४ साली. भारती प्रसाद या हॅम अंदमानला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा त्या पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. नेहमीची संपर्कसाधनं कोलमडली, तेव्हा त्यांच्या सेटवरून लोकांच्या खुशालीचे निरोप बाहेर पडले. अशा वेळी बाकीच्या हॅमनी गप्प राहून फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवायची असते. कुणी हौसेनं मध्येच बडबडला, तर एखाद्या आईला तिच्या मुलाचा निरोप मिळायचा राहून जाईल. पालघरकरांना हे काही फार लांबचं नाही; डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे कितीतरी धक्के बसले आहेत.

पालकांसाठी एक सूचना: हॅमचा सेट आधी विकत आणू नका. परवान्याशिवाय त्यावरून बोलणं हा गुन्हा आहे. तोवर ऐकायची सोय आहे. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवरून घरबसल्या ऐकता येतो. हेडफोन लावा, एक वही घ्या आणि कॉल साइन ऐकू आली, की तारीख, वेळ टिपून ठेवा. पहिल्या दिवशी खरखरच जास्त ऐकू येईल!