पानाची डावी बाजू

जुलाब-उलट्यांची साथ आली की गावात आधी विचारतात, "काय खाल्लं?" त्याचं उत्तर मिळायच्या आत पुढचा प्रश्न येतो, "कुणाकडचं खाल्लं?" जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात साथरोगाचं काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आम्ही जीपमधून उतरून सलाईन लावायला सुरुवात करेपर्यंत गावाचा निकाल लागलेला असायचा. आचारी परगावचा असला तर दोष आचाऱ्याचा, दूध नव्या डेअरीचं असलं तर डेअरीचा. कुणाशी बांधावरून वाद चालू असला तर विहिरीत त्यानंच काहीतरी कालवलेलं असायचं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं कुणी समजू नये. नव्या आरोग्य सेवकांना शिकवायची वेळ आली की मी आपल्या तालुक्यातली गोष्ट सांगत नसे. जर्मनीतल्या काकडीची सांगत असे.

१९ मे २०११ रोजी हांबुर्गमधून बर्लिनच्या रॉबर्ट कॉख या साथरोग संस्थेला कळवण्यात आलं, की तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात तीन मुलांना एचयूएस झाला आहे. हा आजार भयंकर. आधी रक्ताचे जुलाब होतात, मग रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात, प्लेटलेट्स घसरतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. कारण ठरतो ई. कोलाय या जिवाणूचा एक विषारी प्रकार. ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात असतोच, आणि बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो. काही प्रकार मात्र शिगा टॉक्सिन नावाचं विष तयार करतात. कियोशी शिगा या जपानी शास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं आहे. हांबुर्गमधला जिवाणू ओ१०४:एच४ या जातीचा निघाला. त्याच्याकडे हे विष तर होतंच, शिवाय आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून बसायची कलाही होती.

डॉक्टरांना दुसरीच गोष्ट खटकत होती. एचयूएस हा एरवी लहान मुलांचा आजार. या वेळी खाटा भरत होत्या त्या धडधाकट प्रौढांनी, आणि त्यात सुमारे दोन-तृतीयांश बायका होत्या. साथ संपली तेव्हा एकट्या जर्मनीत ३,८४२ जण आजारी पडलेले होते. त्यातल्या ८५५ जणांना एचयूएस झाला होता आणि ५३ माणसं दगावली होती.

बायका जास्त आजारी पडतात म्हणजे त्या असं काय खातात, जे पुरुष कमी खातात? कच्ची भाजी, सॅलड. इथवरचा तर्क चोख होता. पुढची अडचण आमच्या धंद्यातली नेहमीचीच, आठवणीची. हा जिवाणू पोटात गेल्यापासून जुलाब सुरू होईपर्यंत साधारण आठ दिवस जात होते. मग दवाखाना, मग प्रश्नावली. म्हणजे तापानं ग्लानीत असलेल्या बाईला आपण विचारतो, की बाई गं, दोन आठवड्यांपूर्वी जेवलीस त्या सॅलडमध्ये काय-काय होतं? ती टोमॅटो सांगते, काकडी सांगते, सॅलडची पानं सांगते. हांबुर्गच्या रुग्णांनी तेच सांगितलं. २५ मे रोजी अधिकाऱ्यांनी उत्तर जर्मनीतल्या लोकांना या तीन गोष्टी कच्च्या खाऊ नका असं सांगितलं. माझ्या मते तो सल्ला बरोबरच होता. रोज नवे रुग्ण येत असताना पूर्ण पुराव्याची वाट बघत बसणं हाच गुन्हा ठरला असता.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी. २६ मे रोजी हांबुर्गच्या आरोग्यमंत्री कोर्नेलिया प्र्युफर-श्टोर्क्स यांनी जाहीर केलं, की शहराच्या घाऊक बाजारातल्या काकड्यांवर विष तयार करणारा ई. कोलाय सापडला आहे आणि त्यातल्या काही काकड्या स्पेनच्या आहेत. झालं! साथीला देश मिळाला. दुकानांतून स्पॅनिश काकडी उतरवली गेली, मागोमाग टोमॅटो आणि बाकीचा भाजीपालाही. अंदालुसियातल्या हरितगृहांतला माल खतात जाऊ लागला. स्पेनच्या उत्पादकांनी आठवड्याला सुमारे २० कोटी युरोंचं नुकसान सांगितलं. अंदालुसियाच्या कृषिमंत्री क्लारा आगिलेरा यांनी कॅमेऱ्यांसमोर काकडी खाऊन दाखवली. रशियानं तर २ जूनला अख्ख्या युरोपीय संघाची ताजी भाजी बंद केली.

त्याच्या दोनच दिवस आधी, ३१ मे रोजी, प्रयोगशाळेचा पुढचा अहवाल आला होता. काकडीवरचा जिवाणू आणि रुग्णांच्या आतड्यातला जिवाणू एक नव्हते. काकडीवर ई. कोलाय होता, पण तो हा नव्हता.

आता कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि माहितीची जागा रिकामी राहिली की ती भरायला लोक तयारच असतात. कुणी म्हणालं जैविक हल्ला, कुणी शेणापासून गॅस बनवणाऱ्या बायोगॅस संयंत्रांकडे बोट दाखवलं. मेच्या सुरुवातीला झालेल्या हांबुर्गच्या बंदर-उत्सवाचंही नाव निघालं. प्रत्येकाला आपल्या जुन्या रागाला साजेसा गुन्हेगार सापडत होता. आमच्या विहिरीत काहीतरी कालवणारा तो बांधावरचा शेजारी, त्याचाच हा जर्मन अवतार.

इथे मी वर्गात थांबायची आणि एका लग्नाची हकीकत सांगायची. पंगतीत जेवलेल्या बऱ्याच जणांना जुलाब लागले. साऱ्या गावानं बासुंदीवर बोट ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, आटवलेलं दूध, संशय यायलाच हवा. आम्ही आमची नेहमीची यादी केली. खाणारे किती आणि त्यातले आजारी किती, न खाणारे किती आणि त्यातले आजारी किती, असं प्रत्येक पदार्थाचं. यादीत मधुमेहाची म्हातारी माणसं होती. त्यांनी बासुंदीला हातही लावला नव्हता, तरी ती तितकीच आजारी होती. भातापासून भजीपर्यंत एकेक पदार्थ सुटत गेला. राहिली ती ओल्या खोबऱ्याची चटणी, आदल्या रात्री वाटून ठेवलेली. विचारलं तेव्हा तिचं नाव जवळजवळ कुणीच घेतलं नव्हतं. आपण उजवीकडची भाजी, आमटी, गोडधोड लक्षात ठेवतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही पानाची डावी बाजू. ती बोटावर येते आणि विसरली जाते. आमचा निम्मा तपास म्हणजे लोकांना पानाची डावी बाजू आठवायला लावणं.

जर्मनांनी नेमकं हेच केलं, पण जास्त हुशारीनं. फ्रांकफुर्टमध्ये एका कंपनीच्या उपाहारगृहांत जेवणारे बरेच जण आजारी होते. तिथे बिलं कार्डावर व्हायची, म्हणजे कुणी काय घेतलं याची नोंद होती. सॅलडच्या टेबलावरून घेणाऱ्यांना आजाराचा धोका सुमारे सहापट निघाला. ल्युबेकमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये तर त्यांनी गिऱ्हाइकांच्या स्मरणशक्तीवर विसंबायचंच सोडून दिलं. जेवून गेलेल्या दहा गटांतल्या १५२ लोकांना एवढंच विचारलं, की तुम्ही कोणती डिश मागवली होती? डिश आठवते. बिलं पाहिली, जेवताना काढलेले फोटो मागवले. मग मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याकडून प्रत्येक डिशची कृती घेतली. कशात काय, कशावर काय भुरभुरलं. उत्तर लख्ख आलं. ज्यांच्या ताटात कच्चे मोड वाढले गेले होते, त्यांना आजाराचा धोका १४ पट होता, आणि आजारी पडलेल्या ३१ जणांपैकी प्रत्येकाच्या ताटात मोड होते.

दुसऱ्या एका पाहणीतले आकडे याला जोडून वाचण्यासारखे आहेत. त्यातल्या रुग्णांपैकी ८८ टक्क्यांना आपण काकडी खाल्ल्याचं आठवत होतं, मोड खाल्ल्याचं फक्त २५ टक्क्यांना. निव्वळ आठवणीवर मतदान घेतलं असतं तर काकडी प्रचंड बहुमतानं दोषी ठरली असती.

दरम्यान दुसरं पथक कागदपत्रांच्या मागे होतं. आजाऱ्यांचे ४१ पुंजके, वेगवेगळ्या शहरांतले. प्रत्येक ठिकाणी माल कुठून आला याची साखळी उलटी ओढत नेली, तर एकूण एक साखळ्या लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीनेनब्युटेल गावच्या एकाच मोड-उत्पादकापाशी पोचल्या. राज्याचे कृषिमंत्री गेर्ट लिंडेमान यांनी ५ जूनला तसं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या नमुन्यांचे पहिले अहवाल आले, जिवाणू नाही! लोक चिडले. आधी काकडी, आता मोड, उद्या काय?

पण प्रयोगशाळेचा कागद वाचायलाही शिकावं लागतं. काकडीवर जिवाणू सापडला म्हणून ती दोषी ठरवली गेली, ते चूक होतं. मोडांवर सापडला नाही म्हणून ते निर्दोष ठरवणं तितकंच चूक. ज्या मोडांनी घात केला ते केव्हाच खाऊन संपले होते. आम्ही गावात पोचायचो तेव्हाही पातेली घासून पालथी घातलेली असायची आणि नमुन्याला मिळायचा तो दुसऱ्या दिवशीचा भात. १० जूनला जर्मन यंत्रणांनी ल्युबेकचा अभ्यास आणि मालाच्या साखळ्या यांच्या जोरावर मोडांवर शिक्कामोर्तब केलं आणि काकडी, टोमॅटो, सॅलडच्या पानांवरचा इशारा मागे घेतला.

अमेरिकेत २००८ साली असंच घडलं होतं. साल्मोनेलाची साथ आली, चौदाशेहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आणि टोमॅटो खाऊ नका असा इशारा निघाला. पुढे बोट गेलं ते मेक्सिकोतून आलेल्या हालापेन्यो आणि सेरानो मिरच्यांकडे. साल्सा नावाच्या चटणीत टोमॅटो असतो हे सगळ्यांना माहीत असतं. मिरची कुणी मोजत नाही.

मोडांची गोष्ट मात्र जर्मनीत संपली नाही. जूनमध्येच फ्रान्समध्ये, बोर्दोजवळच्या बेग्ल गावात, मुलांच्या केंद्रातल्या एका समारंभानंतर लोक आजारी पडले. जिवाणू तोच. तिथे सूपवर घातलेले मोड बीनेनब्युटेलचे नव्हते, तिथेच बी पेरून उगवलेले होते. म्हणजे गोम शेतात नव्हती, बियांत होती. दोन्हीकडच्या मोडांत सामाईक काय, तर मेथी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ५ जुलैच्या अहवालानं माग इजिप्तपर्यंत नेला. मेथीदाण्याचा १५,००० किलोंचा एक लॉट, २००९ च्या नोव्हेंबरअखेर दमिएत्ता बंदरातून निघालेला. दीड वर्ष गोदामांतून फिरत, लहान पोत्यांत विभागला जात तो सगळीकडे पसरला होता. इजिप्तनं हे मानलं नाही, आणि त्या मेथीदाण्यांवर तो जिवाणू शेवटपर्यंत हाती लागला नाही. निकाल उभा आहे तो कागदांच्या साखळीवर, आणि ती साखळी भक्कम आहे.

आपल्या घरी मोड रोजचे असतात, म्हणून थोडं त्यांच्याविषयी. कडधान्य भिजवून ओल्या फडक्यात उबेला ठेवणं मुगाला मानवतं, तसंच जिवाणूलाही. कोरड्या दाण्याच्या भेगेत दडलेले मोजके जिवाणू महिनोन्महिने तग धरतात आणि मोड येईपर्यंत कोट्यवधी होतात. वरून धुवून ते जात नाहीत, शिजवल्यावर मात्र मरतात. मटकीची उसळ, मिसळ, मेथीदाण्याची भाजी हे आपले शहाणे पदार्थ. हल्ली डाएटच्या नावाखाली कच्चे मोड वाटीभर खाण्याची टूम निघाली आहे. गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी तरी तिच्या नादी लागू नये. एक चांगली वाफ पुरते.

आता मुद्द्याचं. इशारा आणि आरोप या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगवेगळा. इशारा चुकला तर लोकांना चार दिवस काकडी मिळत नाही, म्हणून तो संशयावर देता येतो. आरोप चुकला तर माणूस आयुष्यातून उठतो. २०११ मध्ये युरोपीय संघानं भाजी-उत्पादकांना २१ कोटी युरोंहून जास्त मदत दिली, पण गिऱ्हाइकाच्या मनातला किंतु अशा रकमेनं जात नाही. जपाननं हे आधीच पाहिलं होतं. १९९६ मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी एका शेतावरच्या मुळ्याच्या मोडांवरचा संशय जाहीर केला. विक्री कोसळली. पुढे कान यांना स्वतः मोड खाऊन दाखवावे लागले. उत्पादक न्यायालयात गेले आणि २००४ साली सरकारविरुद्ध जिंकले. न्यायालयाचा आक्षेप तपासावर नव्हता. अर्धवट निष्कर्ष ज्या रीतीनं जगजाहीर केला, त्या रीतीवर होता.

म्हणून साथीच्या गावात फलकावर काय लिहायचं ते मी नव्या मुलांकडून पाठच करून घेत असे. हातात खडू घ्या आणि एवढंच लिहा: "पुढील सूचना मिळेपर्यंत कच्चं काही खाऊ नये. पाणी उकळून प्यावं. जुलाबात रक्त दिसल्यास लगेच दवाखान्यात यावं. आजार कशातून आला याचा तपास चालू आहे." याखाली गावकरी कुणाचंही नाव लिहायला सांगतील, सरपंच सांगतील, पत्रकार तर हमखास सांगतील. तिथे खडू खाली ठेवायचा आणि आचाऱ्याला गाठून त्यानं काय-काय वाढलं ते विचारायला जायचं.