सोन्याचं पाणी प्यालेला रुपया

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरी देवघर आवरताना करंड्याखालून एक पिवळाधमक रुपया निघाला. दोन कणसं, सिंहांची राजमुद्रा, सन 2001 आणि सनाखाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याची खूण, सगळं ओळखीचं. रंग मात्र थेट पाटल्यांचा. शेजारच्या काकूंनी तो उजेडात धरला. "लाखात जातो म्हणतात असा. मोबाइलवर दाखवत होते नं!"

पिवळ्या नाण्याचा मोह आपल्याला जुनाच आहे. 1968 ते 1971 दरम्यानचं कमळाचं वीस पैशाचं नाणं आठवा. त्यात सोनं आहे अशी वदंता होती, आणि लक्ष्मीपूजनासाठी लोकांनी ते डबे भरभरून जपलं. ते निदान टांकसाळीतूनच पिवळं आलं होतं. आमचा रुपया कुठून पिवळा झाला, हाच खरा प्रश्न.

फ्रिजवरचं लोहचुंबक काढून जवळ नेलं, तर रुपया टुणकन चिकटला. सोनं चिकटत नाही, पितळही नाही. 2009 पासूनचं पिवळं पाच रुपयांचं नाणं चुंबकाला दाद देत नाही, कारण ते आरपार निकेल-पितळेचं आहे. 1992 नंतरचे कणसांचे रुपये मात्र चुंबकाला ओढले जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. म्हणजे पिवळेपणा फक्त अंगावरचा.

मग सराफाच्या काट्यावर वजन केलं. भरलं 4.84 ग्रॅम. या रुपयाचं ठरलेलं वजन 4.85 ग्रॅम, व्यास 25 मिलिमीटर. एवढ्याच आकाराचा रुपया सोन्याचा असता तर बारा ग्रॅमच्या पुढे गेला असता. मुलाम्याने वजन का वाढत नाही, याचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडला. शोभेचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा धरला, तर या रुपयावर सोनं बसतं सुमारे दोन मिलिग्रॅम. वापरात झिजून रुपया त्याहून जास्त गमावतो.

संग्राहकांना हवं असतं ते वेगळंच नाणं. टांकसाळीत चुकून दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर रुपयाचा छाप बसला, तर रंगाबरोबर वजनही बदलतं, कधी जाडी आणि कडही बदलते. अशी चूक विरळा, म्हणून तिला मोल. रंग वेगळा आणि वजन मात्र तंतोतंत नेहमीचं, असं दिसलं की माझा संशय आधी मुलाम्यावरच जातो.

उरलेली साक्ष भिंगाने दिली. सिंहाच्या छातीवर आणि आकड्याच्या उंच भागावर पांढरं पोलाद उघडं पडलं होतं, अक्षरांच्या बुडाशी पिवळं साचलेलं. त्याहून बोलका होता एक जुना ओरखडा, कारण त्याच्या तळातही पिवळंच चमकत होतं. म्हणजे रुपया आधी बाजारात फिरला, खरचटला आणि नंतर त्याला सोन्याचं पाणी चढलं. हे काम एक ग्रॅम सोन्याचे दागिने करणारा कोणीही करून देतो. आहेराच्या पाकिटावर, ओटीत किंवा देवापुढे ठेवायला शोभतं म्हणून लोक हौसेने करून घेतात. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही.

उलटा प्रकारही होतो. तांब्याचा किंवा कांस्याचा जुना पैसा चांदीसारखा दिसतो, तेव्हा बहुधा कोणीतरी फुटक्या थर्मामीटरचा पारा त्यावर चोळलेला असतो, किंवा प्रयोगशाळेत त्यावर जस्त चढवलेलं असतं. असा जस्ताचा पैसा तापवला की पितळ तयार होऊन तो सोनेरी होतो. पारा विषारी आहे, त्या नादी लागू नका.

आमच्या इतवारीच्या सराफ्यात मुलाम्याचा हा संशय नवा नाही. मोगल-मराठा काळातल्या रुपयांवर बारीक ठोकलेल्या खुणा दिसतात, त्या सराफांच्या. आत तांबं भरून वर चांदी मढवलेली नाही ना, हे ते घाव घालून बघत. आज कॅरेटचं यंत्र आहे, पण पातळ मुलाम्याखालचं लोखंडही त्यात दिसतं, म्हणून आकडा सोन्याचा आला तरी पूर्ण यादी वाचायला हवी.

काकूंना मी रिझर्व्ह बँकेचं 4 ऑगस्ट 2021 चं निवेदन सांगितलं. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या थोड्या हिरमुसल्या.

यंदा तुमच्या डब्यातून असं नाणं निघालं तर चिंच, लिंबू, पावडर काहीही लावू नका. घासलं की सगळी साक्ष पुसली जाते. आधी चुंबक लावा, मग वजन करा, आणि 'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.