पटलावरील नक्षी आणि खारपाणपट्टा

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर प्रदेशास 'खारपाणपट्टा' म्हणतात. प्रदेशाची व्यथा या नावातच सामावलेली आहे. दर्यापूर वा तेल्हारा तालुक्यात भूगर्भात पाणी आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ते खारे असल्याने पिण्यास निरुपयोगी ठरते.

असे पाणी गोडे करण्याचा एक उपाय म्हणजे ते दाबाखाली अतिशय पातळ 'मेंब्रेन'मधून गाळणे. या वस्तूस 'पडदा' म्हटल्यास केवळ अडविण्याचा बोध होतो. येथे क्षार अडवून पाणी जाऊ द्यावयाचे असते. म्हणून 'पटल' हा शब्द योजिला आहे. मूळ अडचणही हीच आहे: पटल दाट केल्यास पाणी मंदावते, विरळ केल्यास क्षार निसटतात.

या पेचातून सुटण्याची एक वाट पटलाच्या पृष्ठभागावरील नक्षीतून जाते. १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी असे दाखविले की, परस्परांवर क्रिया करणाऱ्या दोन द्रव्यांपैकी चालना देणारे सावकाश व रोखणारे वेगाने पसरत असेल, तर एकजिनसी मिश्रणातही ठिपके वा पट्टे आपोआप उमटू शकतात. २०१८ मध्ये चीनमधील संशोधकांनी हे तत्त्व पटलनिर्मितीस लावले. पाण्यातील पायपेराझिन व तेलकट द्रावणातील ट्रायमेसॉइल क्लोराइड यांच्या सीमेवर पटल तयार होते. पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळताच पायपेराझिनची गती मंदावली आणि पटलावर सूक्ष्म बुडबुडे किंवा नळ्या उमटल्या. त्यामुळे पृष्ठभागाचे क्षेत्र वाढले. शिवाय त्या उंचवट्यांतून पाणी अधिक वेगाने पार होते, असे आढळले.

तथापि, याचा खारपाणपट्ट्याशी संबंध जोडताना दोन गोष्टी ध्यानी घ्यावयास हव्यात. एक, पायपेराझिनपासून केलेली पटले मॅग्नेशियम व सल्फेट चांगली अडवितात. साधे मीठ मात्र बरेचसे त्यांतून निसटते. त्यासाठी व्युत्क्रम परासरणाची अधिक दाट पटलेच लागतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोणतेही पटल क्षार नाहीसे करीत नाही. ते केवळ उरलेल्या पाण्यात एकवटतात. समुद्रकाठी असे पाणी समुद्रात सोडता येते. पूर्णाकाठी ते नाल्यात सोडल्यास त्याच मातीत परत मुरणार. नक्षीमुळे गाळण्याचा वेग वाढेल. उरलेल्या क्षारांचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र पटलाबाहेरच शोधावे लागेल.