काट्याच्या पाठीवर

तळणीच्या पदार्थांत चार वर्षांच्या मुलाला बिनधास्त हात लावू द्यावा असा पदार्थ एकच, कलकल. करंजी त्याच्या हाती दिली तर कड नीट चिकटत नाही, सारण तेलात सुटतं आणि पुढचे सगळे घाणे काळे निघतात. चकलीचा सोऱ्या दाबायला त्याच्या मनगटात जोर नसतो. शंकरपाळ्यांना कातणं लागतं, आणि ते घरात एकच असल्यामुळे कुणी फिरवायचं यावरून रडारड ठरलेली. कलकलाला लागतो जेवायचा काटा, तोही पालथा धरलेला, आणि शेंगदाण्याएवढी पिठाची गोळी. गोळी काट्याच्या दातांवर ठेवायची, अंगठ्याने दाबून पसरवायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. वरून रेघारेघांचा, आतून पोकळ असा छोटा शंख हातात येतो. मंगळूरकडचे कोकणी ख्रिस्ती यालाच किड्यो म्हणतात. हे आमच्या पोरांच्या कानावर गेलं तेव्हापासून ती कलकल करत नाहीत, किडे करतात.

आमचं घर रोडपालीला. मूळ गाव आगऱ्यांचं. त्याच्याभोवती सिडकोने सेक्टर आखले आणि कळंबोलीच्या या टोकाला उंच इमारती उभ्या राहिल्या. पलीकडे लोखंड बाजार, म्हणून रात्रभर ट्रेलरची घरघर. माझं माहेर नगरचं, आताच्या अहिल्यानगरचं, आणि प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. नाताळला दोन्हीकडची माणसं इथे जमतात, कारण जागा अडचणीची असली तरी पत्ता दोघांनाही सोयीचा आहे. नगरची मंडळी पुण्यावरून द्रुतगती मार्गाने येतात आणि ‘मॅक्डोनाल्डला उतरलो’ असा फोन करतात; कळंबोलीत उतरणाऱ्यांची खूण तीच. वसईची मंडळी दिव्यावरून येणाऱ्या गाडीने येतात आणि हातात नारळाची पिशवी असते. नारळ पनवेलच्या बाजारात ढिगाने मिळतात हे सासूबाईंना कितीदा सांगून झालं. त्यांचं म्हणणं, बाजारचा नारळ दूध कमी देतो. वाद घालण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्या दुधावरच आहे.

एक किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, दोन वाट्या पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वाटीभर कडकडीत तुपाचं मोहन आणि मावेल तसं दोन नारळांचं घट्ट दूध. सासूबाई पूर्वी यात अंडं घालत. नातवंडं कामाला बसायला लागली तसं अंडं बंद झालं, कारण धाकट्यांपैकी कुणीतरी कच्चं पीठ खाणार हे ठरलेलंच. रवा फुगायला वेळ लागतो म्हणून पीठ ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. हा तासभर घरातला सगळ्यात कठीण काळ. मुलं काटे घेऊन तयार असतात आणि काम सुरू होत नसतं.

नगरचा नाताळ आणि वसईचा नाताळ यांत फरक बराच आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या नाताळात गोठा, मिस्सा, नारळाचे गोड पदार्थ आणि घरची वाईन हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली, आणि ती माणसं होती न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन परंपरेतली. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी नाताळबद्दलचा आकस पुढे बराच काळ राहिला. म्हणजे आमच्या आजी-पणजीला मिशनऱ्यांच्या स्वयंपाकघरातून नाताळचा फराळ मिळाला असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी आपला जुना फराळ उचलला आणि दोन महिने पुढे सरकवला. करंज्या, चकल्या, अनारसे, चिवडा, सगळं तेच. माझ्या आईच्या डब्यांची रांग पाहून पहिल्यांदा घरी आलेल्या सासूबाईंनी विचारलं होतं, ‘दिवाळीचं उरलंय का?’ आईने ते अजून विसरलेलं नाही.

म्हणून आमच्या ओट्यावर करंजी आईची आणि कलकल सासूबाईंचे, अशी वाटणी आहे. केकवरून मात्र दरवर्षी एक लहान चकमक होते. वसईच्या मते सुका मेवा रममध्ये मुरला पाहिजे. नगरच्या मते दारूचा थेंबही घरात नको. तोडगा असा की एक केक रमचा, एक संत्र्याच्या रसाचा, आणि दोन्ही दिसायला सारखे. आई दरवर्षी दोन्ही हुंगून आपला ओळखते.

पीठ मुरलं की हॉलमध्ये सतरंजी पडते. कामाची मांडणी सासूबाईंची, आणि ती एखाद्या मुकादमाला शोभेल अशी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे एकही मूल जायचं नाही. कढईजवळ फक्त माझा नवरा आणि जाऊबाई. आई भिंतीला टेकून गोळ्या करते, कारण सगळ्या सारख्या मापाच्या व्हायला हव्यात. पाच वर्षांवरची मुलं काट्यावर. तीन-चार वर्षांच्यांना काटा नाही. त्यांना नवा कोरा कंगवा मिळतो, कारण त्याची धार बोथट असते आणि रेघा बारीक उमटतात. त्याहून लहान जे आहे त्याला पिठाचा गोळा देऊन परातीत बसवायचं. दिराकडे नारळ खवणं आणि पिळणं. ते संपलं की तो हॉलमध्ये येऊन मुलांहून वाईट कलकल वळतो आणि मुलांना फार बरं वाटतं.

मुलं कामाला लावली की काम वाढतं, याबद्दल कुणी उगाच गोड बोलू नये. आई आणि सासूबाई दोघीच बसल्या तर दुपारच्या चहापर्यंत सगळं पीठ संपवतील. मुलांसकट दिवे लागतात, सतरंजी झटकावी लागते, सोफ्याच्या फटीत सुकलेले किडे पुढच्या महिन्यातही सापडतात. पण दोन घरची माणसं इतका वेळ एका सतरंजीवर एरवी बसली नसती, हेही खरं. जेवायला बोलावलं तर दोन तासांत पानं उचलली जातात आणि प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये जातो. इथे हात पिठाचे असतात, त्यामुळे मोबाइलला हात लावता येत नाही. गप्पा आपोआप होतात. नगरचा मामा आणि वसईची आत्या यांना एकमेकांची नावं नीट माहीत झाली ती याच बैठकीत.

मध्येच आई गायला लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं तिला तोंडपाठ आहेत. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या फुलामुलांच्या कवीने मराठी चर्चला भजन-अभंगाचा सूर दिला आणि नगरच्या उपासनेत पेटी-तबल्यावर तो अजून ऐकू येतो. वसईकरांना चाल ठाऊक नसते, पण दुसऱ्या कडव्याला तेही धरतात. पोरांचं मात्र मोठ्या आवाजात ‘जिंगल बेल्स’ चालू असतं, त्याला इलाज नाही.

आता खरं कसब. मुलांचे कलकल एका मापाचे होत नाहीत. आई गोळ्या सारख्या देते, पण पोरं दोन गोळ्या जोडतात, अर्धी खातात, उरलेली पुन्हा मळतात. वेगवेगळ्या जाडीचे कलकल एकाच घाण्यात गेले की बारीक जळतात आणि जाडे आतून कच्चे राहतात. म्हणून ताट भरलं की ते आधी सासूबाईंसमोर येतं. त्या बोटांनी भराभर तीन ढीग करतात: बारीक, मध्यम, जाड. कुणाचा कलकल कुठल्या ढिगात गेला हे बोलायचं नाही, हा नियम. जाडा ढीग मंद आचेवर, जास्त वेळ. बारीक ढीग सगळ्यात शेवटी, तेल जरा तापवून, चटकन. तळताना शिवण सुटून कलकल उलगडला तर समजायचं की वळताना कोरडं पीठ जास्त लावलं होतं. तेलात फुटून भुगा झाला तर मोहन जास्त पडलं. नवरा झाऱ्यावर एक घेऊन दारापर्यंत येतो, सासूबाई तो मोडून आतला रंग बघतात आणि मान हलवतात. होकार असेल तर मान उजवीकडे जाते. नकाराची तऱ्हा मी इतक्या वर्षांनीही सांगू शकत नाही, पण नवऱ्याला कळते.

थंड झाल्यावर निम्मे तसेच डब्यात जातात आणि निम्म्यांवर साखरेचा पाक चढतो. पाक पक्का दोनतारी लागतो. कच्चा राहिला की दुसऱ्या दिवशी डबा उघडताना सगळ्यांचा एक लाडू झालेला असतो. जाडे कलकल आतून किंचित मऊ राहतात. ते आई मागून घेते, चहात बुडवून खायला. मुलांना वाटतं आजीला आपलेच आवडतात, आणि आजी ते खोडून काढत नाही.

गोठ्याचं काम याच्या आधीच सुरू झालेलं असतं, आणि तेही मुलांचंच. आठ-दहा दिवस आधी उथळ ताटल्यांत माती पसरून नाचणी पेरायची, वर ओलं फडकं. कोंब फुटले की फडकं काढून उजेडात ठेवायचं. नाताळपर्यंत बोटभर हिरवं शेत उभं राहतं आणि गोठ्यापुढे मेंढरांना चरायला कुरण होतं. गोव्यातही असंच करतात. सातव्या मजल्यावर मुलांना काहीतरी उगवताना दिसायची ही एवढीच संधी, त्यामुळे पाणी फार घातलं जातं आणि एक ताटली हमखास कुजते. म्हणून पेरायच्याच जास्त. छपराला पेंढा लागतो. तो खालच्या मजल्यावरच्या आगरी आजी आणून देतात. त्यांच्या भावाची भातशेती अजून आहे, डिसेंबरात झोडणी उरकलेली असते आणि पेंढ्याला तोटा नसतो. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, ‘गुरं कुठं बांधलीत?’ आता त्या स्वतः येऊन मातीची गाय गव्हाणीच्या कुठल्या बाजूला उभी करायची ते सांगतात. सासूबाईंच्या नियमाप्रमाणे बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही. ती कपाटात असते. धाकटा दिवसातून अनेकदा कपाटाशी जाऊन ‘झाला का जन्म?’ म्हणून विचारतो.

रात्रीच्या मिस्सेचं लहान मुलं असलेल्या घरात एक गणित असतं. दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी असल्याने अनेक ठिकाणी ख्रिस्तजन्माची मिस्सा आता मध्यरात्रीऐवजी आधीच होते. जुन्या लोकांना हे रुचत नाही. मला मात्र यात सोय दिसते. दुपारी सक्तीने झोपवलेली मुलं साडेनऊपर्यंत तग धरतात, त्यानंतर नाही. २५ ला सकाळी नगरकरांची उपासना, भाड्याच्या सभागृहात. तिथे मुलांचं नाटुकलं असतं. पात्रवाटपात देवदूत व्हायला सगळे तयार, मेंढपाळ व्हायला काही, आणि खानावळवाला, जो मरियेला जागा नाही म्हणून हाकलतो, तो व्हायला कुणीच नाही. आमच्या थोरलीने ती भूमिका घेतली आणि ऐन वेळी मरियेला ‘या, आत या’ म्हणून मोकळी झाली. पाळकसाहेबांना पुढची गोष्ट स्वतः सांगून पूर्ण करावी लागली.

दुपारी जेवणं. वसईचं इंदेल, नगरचं काळ्या मसाल्याचं मटण, आणि मुलांसाठी वरणभात, कारण एवढं सगळं शिजवूनही ती वरणभातच मागतात.

संध्याकाळी डबे निघतात. मजल्यावरची घरं, वॉचमन, इस्त्रीवाला, खालच्या आजी. डबे भरायचं काम मुलांकडे, आणि इथे ती भयंकर पक्षपात करतात. ज्या काकूंनी क्रिकेटचा चेंडू परत दिला नाही त्यांच्या डब्यात कलकल मोजून पडतात. मी मागून जाऊन मूठभर टाकते. खालच्या आजींना पाक न चढवलेले द्यायचे, त्यांना साखर आहे. पिठातही साखर असते हे त्यांना सांगून झालंय, त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलंय. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत इथेही सगळे पाळतात, त्यामुळे डबे लगेच येत नाहीत. ते येतात संक्रांतीला, तिळगूळ भरून. यंदा एक स्टीलचा डबा अजून आलेला नाही. झाकणावर थोरलीने मार्करने आपलं नाव घातलं आहे आणि ती रोज लिफ्टमध्ये चेंडूवाल्या काकूंकडे रोखून बघते.