तीन शहरे, एक बातमीपत्र

भारतात रेडिओसाठी स्वतःच्या बातम्या तयार करण्याची मुभा केवळ आकाशवाणीला असून, खासगी एफएम वाहिन्यांना २०११च्या धोरणानुसार तिचीच बातमीपत्रे फेरफार न करता ऐकवता येतात. एक वृत्तपत्र पटले नाही तर वाचक दुसरे घेतो. मुंबई केंद्र ऐकणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरच्या श्रोत्याला तसा पर्याय नसल्यामुळे, राजकीय समतोलाचा प्रश्न येथे अधिक गंभीर ठरतो.

बदलापुरात २० ऑगस्ट २०२४ रोजी, शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ जमावाने कित्येक तास लोकल रोखून धरल्या आणि त्यानंतर शहरातील इंटरनेट तात्पुरते बंद करण्यात आले. अशा वेळी साध्या संचावर ऐकू येणाऱ्या बातम्यांचे मोल उघड आहे. मात्र ज्या शासनव्यवस्थेविरुद्ध रोष असतो, तिच्याच तिजोरीतून बातमी देणाऱ्यांचे वेतन निघत असते. सार्वजनिक निधीवरील वृत्तसेवेची खरी कसोटी तीच.

आणीबाणीतील अनुभवानंतर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेची शिफारस केली, १९९० मध्ये त्यांना प्रसार भारती या संस्थेखाली आणणारा कायदा झाला आणि तो १९९७ मध्ये अमलात आला. मधल्या काळात, १९९५ मध्ये, न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून त्यांच्या नियमनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. तरीही प्रसार भारतीचा वेतनखर्च केंद्राच्या अनुदानावर चालतो आणि वृत्तविभागात भारतीय माहिती सेवेचे, म्हणजे सरकारच्याच माहिती-प्रसिद्धी संवर्गातील, अधिकारी नेमले जातात. श्रोत्यांकडून घेतले जाणारे परवाना शुल्क १९८०च्या दशकात रद्द झाल्याने तर श्रोता आणि संस्था यांच्यातील पैशाचा थेट संबंधही संपला. लोकांना ती सवलत वाटली, परंतु जाब विचारण्याचा एक आधार तिच्यासोबत गेला.

समतोलाचा मिनिटांत मोजता येणारा लेखी नियम आहे तो निवडणूक प्रसारणाचा: मान्यताप्राप्त पक्षांना काही वेळ सारखा आणि उरलेला मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार मिळतो. ही मोजणी न्याय्य असली तरी ती लोकसभा आणि विधानसभा यांपुरतीच आहे. वालधुनी नदीचे प्रदूषण, उल्हासनगरातील अनधिकृत इमारती, बदलापूरचे पूर हे विषय पालिकेच्या राजकारणात गाजतात आणि तेथे असा नियम लागू होत नाही. शिवाय साऱ्या राज्याच्या घडामोडी सामावणाऱ्या प्रादेशिक बातमीपत्रात त्यांच्या वाट्याला एखादेच वाक्य येऊ शकते, आणि एका वाक्यात सत्ताधारी व विरोधक या दोघांची बाजू मांडता येत नसल्याने बहुधा अधिकृत निवेदनच उरते. वगळण्यातून येणारा हा कल मिनिटे मोजून सापडत नाही.

खासगी एफएमची स्थिती तर विचित्रच म्हणावी लागेल. पाणी, वीज, हवामान, वाहतूक यांविषयीच्या सूचना बातमी मानल्या जात नसल्याने, उद्या नळाला पाणी येणार नाही हे निवेदकाला सांगता येते. ते का येणार नाही याचा स्वतः शोध घेऊन दिलेली बातमी मात्र नियमबाह्य ठरते.