परदेशी शिकणारी मुले आणि आठवड्याचे वीस तास

शिक्षणासाठी विलायतेला जाणे ही आता केवळ धनिकांच्या मुलांची मिरासदारी राहिलेली नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांच्या बळावर आपल्या वस्त्यांतील मुले-मुली परदेशी विद्यापीठांत पोहोचली आहेत. ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यांचे पालक बँकेचे कर्ज काढतात, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलतात, प्रसंगी राहते घर तारण ठेवतात.

अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "तिकडे गेल्यावर पोरगा पार्टटाइम काम करील आणि आपला खर्च आपण भागवील." या एका वाक्यावर घराचे सारे अंदाजपत्रक उभे राहते. म्हणूनच ते कायद्याच्या आणि हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे. उदाहरणादाखल आपण ब्रिटनचे नियम पाहू.

नियम काय सांगतो?

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठात पदवी किंवा त्यावरील शिक्षण घेणाऱ्यास सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते. पदवीपेक्षा खालच्या अभ्यासक्रमाला ही मर्यादा 10 तासांची आहे. विद्यापीठाच्या अधिकृत सुटीत पूर्णवेळ काम करण्यास मुभा असते.

आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार असे सात दिवस. या आठवड्यात 15 तास, पुढच्या आठवड्यात 25, म्हणजे सरासरी वीसच झाले, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. पंचवीस तासांचा तो एक आठवडा नियमभंगच ठरतो. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात. बिनपगारी नोकरीचे तासही त्यातच मोजले जातात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपली अनेक मुले एका वर्षाच्या मास्टर्स अभ्यासक्रमाला जातात. उन्हाळ्यात वर्ग थांबतात, परंतु प्रबंध लिहिण्याचे काम चालू असते. साधारणपणे तो काळ सुटीत धरला जात नाही. पदवीच्या मुलांना सुटी लागली म्हणून मास्टर्सच्या मुलानेही पूर्णवेळ काम धरले, तर तो अडचणीत येतो. आपली सुटी नेमकी कोणती, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

स्वतःचा धंदा करण्यासही या व्हिसावर मनाई आहे. मोबाइलवरून मागवलेले जेवण घरोघर पोहोचवण्याचे काम सोपे वाटते. पण तिथे ते बहुधा स्वयंरोजगारात मोडते आणि म्हणून विद्यार्थ्याला वर्ज्य ठरते. दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन ते करणे म्हणजे तर दुहेरी गुन्हा.

हिशेब मांडून पाहा

ब्रिटनमध्ये 21 वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन 1 एप्रिल 2026 पासून ताशी 12.71 पौंड ठरले आहे. वीस तासांचे 254 पौंड झाले. वर्षभर एकही आठवडा न चुकवता काम मिळाले, असे धरले तरी महिन्याची सरासरी कमाई अकराशे पौंडांच्या आसपास जाते.

आता खर्चाची बाजू पाहा. व्हिसा देताना ब्रिटिश सरकार राहण्या-खाण्याच्या खर्चापोटी पैसा दाखवायला लावते. नोव्हेंबर 2025 पासून ही रक्कम लंडनसाठी महिना 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड अशी आहे. असा नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च आणि पहिल्या वर्षाची उरलेली फी एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. पुढे मिळेल अशा पार्टटाइम कमाईचा एक पैसाही त्यात धरत नाहीत. आरोग्य सेवेसाठी वर्षाला 776 पौंडांचा अधिभार वेगळा.

तात्पर्य, नियमात राहून होणाऱ्या कमाईत लंडनचा साधा गुजाराही पुरा होत नाही, मग फी आणि कर्जाचा हप्ता कुठून निघणार? ती कमाई भाजीपाला, बसभाडे, पुस्तके यांना हातभार लावील, एवढेच तिचे काम.

काही घरांत आणखी एक बेत आखला जातो : मुलगा शिकेल आणि सोबत गेलेली सून कमावील. परंतु जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी हा रस्ता बहुतेकांना बंद झाला आहे. संशोधन पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचे शिक्षण अशा मोजक्या अपवादांखेरीज पती-पत्नीला सोबत नेता येत नाही.

पिळवणुकीची सुरुवात

घरून पैसा येत नाही आणि वीस तासांत भागत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या मुलाला कोणीतरी सांगतो, "चाळीस तास ये, वरच्या तासांचे पैसे रोख देतो, कागदावर काही नको." हे रोखीचे काम किमान वेतनापेक्षा कमी दराने करून घेतले जाते. मजुरी बुडाली तरी मुलगा तक्रार करीत नाही, कारण तक्रार केली तर आपणच अडकू ही त्याला धास्ती असते. मालकही ही भीती ओळखून असतो.

नियम मोडल्याचे उघड झाले तर व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षण अर्ध्यावर सुटते आणि पुढच्या व्हिसा अर्जांवरही त्याची छाया पडते. मायदेशी परतलेल्या मुलामागे कर्ज मात्र कायम राहते.

नियमात राहणाऱ्या मुलाला मात्र इतर कामगारांसारखेच हक्क आहेत. किमान वेतन, पगाराची पावती आणि पगारी रजा हे त्याचे कायदेशीर हक्क आहेत. कामाच्या ठिकाणी अन्याय झाल्यास ॲकास ही सार्वजनिक संस्था मोफत सल्ला देते. प्रत्येक आठवड्याचे तास वहीत लिहून ठेवावेत आणि पगाराच्या पावत्या जपाव्यात.

पालकांनो, एवढे करा

मूल निघण्यापूर्वी पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कागदावर मांडा आणि पार्टटाइम कमाईच्या रकान्यात शून्य लिहा. मग जे मिळेल ते वरकड. शिष्यवृत्ती असेल तर कमाईबाबत तिच्या स्वतःच्या अटी आहेत का, तेही वाचून घ्या. ऐकीव माहितीवर विसंबू नका. ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याला 48 तासांची आहे, कॅनडात विद्यापीठाबाहेरच्या कामाला आठवड्याला 24 तासांची. शेजारच्या घरातील मुलगा कॅनडात काय करतो, यावरून लंडनचा नियम ठरत नाही.

पूर्णवेळ कमाईची वेळ अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर येते. त्यानंतर ब्रिटनमध्ये पदवीधर व्हिसा मिळू शकतो. 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांचा, त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचा आणि पीएच.डी. झालेल्यांना तीन वर्षांचा मिळतो.

तोवर फोनवर "या महिन्यात किती कमावलेस?" असे विचारू नका. त्या प्रश्नाच्या ओझ्याखाली मूल एकविसावा तास काम करायला तयार होते. "अभ्यास कुठवर आला? जेवलास का?" असे विचारा. आणि पैशाची अडचण आली तर ती मोकळेपणाने घरी सांगता येईल, एवढा विश्वास त्याला द्या.