व्यक्तिविकासाचे मार्गदर्शन आणि पादांशिक क्रम

व्यक्तिमत्त्व-विकास शिबिरांतून परतलेले रुग्ण आम्हांकडे वरचेवर येतात. पहाटे चारला उठणे, तासभर व्यायाम, चहा बंद, असे सर्व संकल्प एकाच दिवशी सुरू झालेले असतात. मग शिरःशूल, अनिद्रा आणि वर अपराधभावना! येथे उणीव मनोबलाची नसून क्रमाची असते.

अंगवळणी पडलेले अहित पादांशाने सोडावे व त्याच प्रमाणात हित स्वीकारावे, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. टप्प्यांतील अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढते. वाग्भटांना पादाचा पाद, म्हणजे सोळावा अंशही मान्य आहे. म्हणून दिवसाला चार कप चहा घेणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही प्रथम एकच कप सोडावयास सांगतो. रात्री बाराला निजणाऱ्यास दहाची नव्हे, पावणेबाराची वेळ देतो. अहित विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजय. तो निव्वळ उपदेशाने साधत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनीही ‘आजपासून सर्व बंद’ असा सल्ला गल्ल्यावरून देऊ नये. मात्र खिन्नता दीर्घकाळची असल्यास अथवा आत्मघाताचे विचार येत असल्यास क्रमाची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.